कीर्ती, विनय आणि डावा पाय: थाई पोलिसांचं संचलनगीत आलं कुठून?

थाई पोलिसांच्या संचलनगीताचा पहिलाच शब्द आपल्या ओळखीचा आहे. कानाला तो ‘कियत’ असा लागतो, म्हणून चटकन पटत नाही. पण थाई लिपीत लिहिलेला पाहिला तर त्यात क आहे, उच्चारला न जाणारा र आहे आणि शेवटी ‘ति’ आहे. ही आपली ‘कीर्ति’. थाई लोक शेवटचा ‘ति’ एरवी बोलत नाहीत, पण पुढे दुसरा शब्द जोडला की तो परत येतो: ‘कियत-ति-योत’ म्हणजे कीर्ती आणि यश. त्याच ओळीत पुढे ‘विनय’ही येतो.

बँकॉकला फिरायला गेलेल्या मराठी माणसाला तिथलं एक गाणं हमखास माहीत असतं. सकाळी 8 आणि संध्याकाळी 6 वाजता राष्ट्रगीत लागतं आणि स्टेशनवरची, बागेतली माणसं आहेत तिथे उभी राहतात. पोलिसांच्या संचलनाचे व्हिडिओ पाहिले की दुसरं गाणं कानावर पडतं आणि प्रश्नांची रांग लागते. वाजवणारा बँड युरोपीय, शब्द अर्धे संस्कृत, भाषा थाई. मग हे गाणं मुळात कुणाचं? कुणी म्हणतं राजानं रचलं, कुणी म्हणतं इंग्रजांकडून आलं.

गाण्याचं नाव ‘मार्च फिथक सन्तिरात’. ‘फिथक’ म्हणजे राखणं, ‘सन्ति’ म्हणजे शांती आणि ‘रात’ म्हणजे ‘राष्ट्र’. फक्त थाई भाषेत या शब्दाचा अर्थ देश असा न राहता ‘प्रजा, सामान्य जनता’ असा झाला. तेव्हा नावाचा अर्थ जनतेची शांतता राखणं. शब्द आहेत कवी कॅव अच्चरियकुन यांचे आणि चाल बांधली आहे नात थावोनबुत यांनी. ही दोन नावं बाकी तपशिलात हरवतात, म्हणून आधीच सांगितली.

‘उगम’ एकच असतो का?

साबुदाण्याची खिचडी घ्या. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा दक्षिण अमेरिकेचा. शेंगदाणे, बटाटाही त्याच खंडाकडून आले, आणि मिरचीही अमेरिकेतूनच. तरी एकादशीच्या दिवशी कुणाच्या घरची खिचडी परकी ठरत नाही, कारण ती कशी भिजवायची, कधी खायची, दाण्याचं कूट किती घालायचं हे सगळं इथं ठरलं.

संचलनगीताचंही तसंच. त्यात तीन वेगवेगळे धागे असतात: पायांची शिस्त, सुरावट आणि शब्द. तिन्हींची गावं वेगळी असू शकतात. ‘गाणं कुठून आलं’ असं एकदम विचारलं की उत्तर चुकतं, आणि धागे सुटे केले की बराचसा गोंधळ मिटतो.

आधी पाय: संचलनगीत नेमकं काय काम करतं?

संचलनगीत ऐकण्यासाठी कमी आणि चालण्यासाठी जास्त असतं. नेहमीच्या संचलनाची गती मिनिटाला साधारण 120 पावलं, आणि पाऊल सुमारे 76 सेंटिमीटरचं. म्हणजे तुकडी मिनिटाला 91 मीटर पुढे जाते आणि दर अर्ध्या सेकंदाला एक पाय जमिनीला लागतो. मोठ्या ढोलाचा ठोका डाव्या पायावर पडतो. गाण्याच्या ओळी बहुधा आठ-आठ पावलांच्या असतात, म्हणजे चार सेकंदांच्या. त्याहून लांब ओळ छातीचा भाता वर-खाली होत असताना एका श्वासात निभत नाही. सुरांची झेपही त्यामुळे आखूड ठेवतात, एक सप्तक आणि वर दोनेक स्वर. तालीम नसलेल्या पाचशे गळ्यांना त्यापलीकडे सूर सापडत नाही, मग निम्मे ओरडतात आणि निम्मे गप्प बसतात.

लांब रांगेत एक खास बिघाड होतो. उष्ण हवेत आवाज सेकंदाला साधारण 350 मीटर जातो. बँड रांगेच्या तोंडाशी असेल तर 87 मीटर मागे असलेल्या शिपायाला ठोका पाव सेकंद उशिरा ऐकू येतो, म्हणजे पुढच्यांचा पाय हवेत असताना. 175 मीटर मागे असलेल्याला पूर्ण अर्धा सेकंद उशीर: तो अगदी तालात चालतोय असं त्याला वाटतं, पण पुढच्यांचा उजवा पाय पडतो तेव्हा त्याचा डावा पडतो. बाजूनं पाहिलं की रांगेतून लाट गेल्यासारखी दिसते. मोठ्या दिंडीत पुढचा मृदंग आणि मागचे टाळ जरा सरकलेले वाटतात, ते याच कारणानं. उपाय दोनच. बँड सलामीच्या जागेसमोर मध्यावर उभा करायचा, आणि मागच्यांनी कानावर विसंबून न राहता पुढच्या रांगेचा डावा पाय डोळ्यांनी धरायचा.

ही सगळी शिस्त, गती आणि ढोल युरोपातल्या कवायतीची. स्याममध्ये, म्हणजे आजच्या थायलंडमध्ये, ती कशी आली?

बँड आला हिंदुस्थानच्या वाटेनं

1851 च्या सुमारास, राजा मोंगकुट गादीवर आल्यानंतर, इम्पे आणि नॉक्स हे दोन इंग्रज अधिकारी सैन्याला कवायत शिकवायला ठेवले गेले. दोघेही हिंदुस्थानातल्या ब्रिटिश सैन्यातून आले होते. हुकूम इंग्रजी होते आणि राजाला सलामी देताना वाजायचं तेही इंग्लंडच्या राणीचंच गाणं. त्या चालीवर थाई शब्दही बसवले गेले.

हे किती अवघड होऊ शकतं, ते 1871 मध्ये कळलं. तरुण राजा चुलालोंगकॉर्न सिंगापूर आणि जावाच्या दौऱ्यावर गेला. सिंगापूर इंग्रजांचं. तिथे स्यामच्या राजाचं स्वागत इंग्रजांच्या राणीच्या गाण्यानं झालं तर पाहुणा कोण आणि मालक कोण, हेच कळेना. परतल्यावर स्वतःच्या चालीचा शोध सुरू झाला. 1888 मध्ये ठरलेल्या राजगीताची चाल प्योत्र शुरोव्स्की या रशियन संगीतकाराची आणि शब्द राजपुत्र नरिस यांचे. राजगीत आजही तेच आहे.

आणि पोलीस?

आधुनिक पोलीस दल 1860 मध्ये बँकॉकमध्ये उभं राहिलं. सॅम्युएल जोसेफ बर्ड एम्स या इंग्रज कप्तानाला प्रमुख नेमलं आणि शिपाई म्हणून मलायी आणि हिंदुस्थानी माणसं भरती केली. पुढे ग्रामीण भागासाठी 1897 मध्ये वेगळं दल निघालं, ते गुस्ताव शाऊ या डॅनिश अधिकाऱ्याच्या हाती होतं. शहरी आणि ग्रामीण दलं 13 ऑक्टोबर 1915 रोजी एकत्र आली. म्हणून पोलीस दिन वर्षानुवर्षं 13 ऑक्टोबरला होई. राजा भूमिबोल 2016 मध्ये त्याच तारखेला वारले, आणि नंतर तो 17 ऑक्टोबरला हलवला.

पोलिसाला थाई शब्द मात्र इंग्रजीतून आला नाही. ‘त्रुअत’ म्हणजे तपासणं. ख्मेर म्हणजे कंबोडियाच्या भाषेच्या रीतीनं त्याच्या पोटात ‘अम’ घातलं की ‘तमरुअत’ होतं, म्हणजे तपासणारा. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

चाल कुणाची?

इथे एका माणसाला ओलांडून जाता येत नाही. बँकॉकमध्ये 13 जुलै 1883 रोजी पीटर फाइट नावाचा मुलगा जन्मला. वडील याकोब जर्मन वंशाचे बँडमास्तर, आई मोन समाजाची. पीटर पुढे राजदरबारच्या पाश्चात्त्य वाद्यवृंदाचा प्रमुख झाला आणि त्याला ‘फ्रा चेन दुरियांग’ ही पदवी मिळाली. ‘फ्रा’ हा दर्जा. ‘दुरियांग’ म्हणजे तूर्य आणि अंग, म्हणजेच वाद्यं. ‘चेन’ म्हणजे जाणकार. लोक हे नाव समजतात, पण ती पदवी आहे.

24 जून 1932 च्या क्रांतीत राजाची निरंकुश सत्ता संपली आणि नव्या सरकारला राष्ट्रगीत हवं होतं. ते काम फ्रा चेन यांच्यावर आलं, मुदत सात दिवसांची. मुदत संपत आली तरी काही सुचेना. शेवटच्या दिवशी ट्राममध्ये बसल्यावर चाल डोक्यात उमटली, आणि कामाच्या जागी पोचताच त्यांनी ती पियानोवर वाजवून कागदावर उतरवली. ही हकिगत त्यांनीच लिहून ठेवली आहे. पण मला त्यांचं मोठेपण त्या चालीपेक्षा त्यांच्या शिष्यांत दिसतं. स्वरलेखन वाचणारी, एका सुरावटीखाली चार आवाज बांधू शकणारी थाई मुलांची एक पिढी त्यांनी घडवली.

नात थावोनबुत त्या पिढीचे. दरबारी वाद्यवृंदातून आलेले, पुढे चित्रपटांना संगीत देणारे आणि अनेक मार्च रचणारे. म्हणजे पोलीस गीताची चाल रचणारा माणूस थाई, त्याचे गुरू बँकॉकमध्येच जन्मलेले, आणि सुरांची भाषा तीन पिढ्यांपूर्वी बाहेरून आलेली. याला उसनं म्हणणं मला मुळीच पटत नाही. आपल्याकडे हार्मोनियम युरोपातून आली म्हणून नाट्यसंगीत परकं ठरलं नाही.

‘पण ही चाल कुठेतरी ऐकल्यासारखी वाटते’

वाटणारच, आणि त्याला कारण आहे. बिगुलाला कळा नसतात. ओठांच्या ताणानं त्यातून मोजकेच स्वर निघतात, मुख्यतः सा, ग, प आणि वरचा सा. युरोपातले मार्च याच स्वरांवर पोसले, कारण सैन्याला इशारे बिगुलावरच दिले जात. म्हणून जगभरातल्या मार्चची सुरुवात प-सा-ग-प अशा उड्यांनी होते आणि पहिल्या दोन ओळी एकमेकींसारख्या वाटतात.

थाई राष्ट्रगीत पोलंडच्या राष्ट्रगीतासारखं आहे, ही चर्चा जुनी आहे. पडताळणीचा सोपा मार्ग म्हणजे टाळी वाजवून पाहणं. पोलंडचं गीत माझुर्का या नाचाच्या तालात आहे, तीन मात्रांचं. थाई गीत चार मात्रांचं, चालायचं. उड्या सारख्या, चाल वेगळी. कोणत्याही मार्चवर नकलेचा आरोप करण्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात: मात्रा, ओळ कुठे संपते, आणि मधल्या भागात सूर कुठे वळतो. पहिले चार स्वर हा पुरावा होत नाही.

शब्द: खरी कारागिरी इथे आहे

मराठीत ‘हो’ खाली सोडत म्हटलं तर होकार, वर नेत म्हटलं तर प्रश्न, ताणून म्हटलं तर कंटाळा. शब्द तोच राहतो, भाव बदलतो. थाईत सूर बदलला की शब्दच बदलतो. अशा भाषेला सुरभेदी भाषा म्हणू. थाईत असे पाच सूर आहेत: सपाट, खालचा, पडता, वरचा आणि चढता. ‘खाव’ पडत्या सुरात म्हणजे भात, खालच्या सुरात म्हणजे बातमी, चढत्या सुरात म्हणजे पांढरा.

आता कवीची अडचण बघा. संगीतकारानं चाल आधीच बांधून दिली आहे. त्यात एका जागी सूर वरून खाली येतो. तिथे कवीनं असे दोन शब्द ठेवले की ज्यांचा बोलण्यातला सूर खालून वर जातो, तर चाल शब्दाला पिरगाळते आणि भाताची बातमी होते. ऐकणारा संदर्भानं सावरून घेतो, पण शंभर माणसं एकत्र गात असताना प्रत्येक ओळीला सावरणं जमत नाही.

म्हणून काम असं चालतं. कवी चालीवर निरर्थक अक्षरं गुणगुणतो आणि प्रत्येक जोडीपुढे खूण करतो: इथे सूर वर, इथे खाली, इथे तसाच. नेमका कोणता स्वर आहे याला महत्त्व नाही. आधीच्या अक्षरापेक्षा पुढचं वर की खाली एवढंच जुळवायचं. मग त्या खुणांत बसणारे शब्द शोधायचे. अर्थाचा हवा असलेला शब्द बसला नाही तर समानार्थी शब्द घ्यायचा, आणि इथेच पाली-संस्कृत शब्दांचा साठा कामी येतो. एकाच अर्थाला एक देशी थाई शब्द आणि एक-दोन संस्कृतोद्भव शब्द असतात, आणि तिघांचे सूर वेगवेगळे. शिवाय दरबारी, भारदस्त बोलण्याला संस्कृत शब्द शोभतातच. पोलिसांच्या गीतात ‘कीर्ति’, ‘विनय’, ‘शांती’, ‘राष्ट्र’ इतके दाटीनं का येतात, याचं निम्मं उत्तर मान आणि निम्मं उत्तर ही सोय.

पहिला शब्द जवळून पाहू. ‘कियत’च्या शेवटी त आहे, पण तो सोडला जात नाही. जीभ दातामागे टेकते आणि तिथेच थांबते, हवा बाहेर पडत नाही. अशा बंद अक्षरावर सूर लांबवता येत नाही. प्रेमगीतात ही अडचण होते, कारण तिथे स्वर ताणायचा असतो. संचलनात हीच सोय होते: शब्द पावलाबरोबर खटकन बंद. त्यापुढचा ‘तमरुअत’ही तसाच बंद होतो. शिवाय थाई शब्दांचा जोर शेवटच्या अक्षरावर असतो, तेव्हा अशा शब्दाची ठोक्यावर येण्याजोगी जागा ‘तम’ नाही, ‘रुअत’ आहे.

एक बारकावा. थाई लेखनाच्या नेहमीच्या नियमानं ‘रुअत’ पडत्या सुरात वाचायला हवं. पण ‘त्रुअत’पासून आल्यामुळे त्याला मूळ त चा वर्ग लागतो आणि सूर खालचा होतो. परदेशी शिकाऊ माणूस इथे हमखास चुकतो. गीताच्या पहिल्या ओळीतच ‘कियत’ खालचा, ‘तम’ सपाट, ‘रुअत’ पुन्हा खालचा असा झोका आहे. नुसतं मोठ्यानं म्हणून पाहिलं तरी कवायतीचा ताल हाताला लागतो.

शब्द ओळखीचे, अर्थ नव्हे

मराठी वाचकानं इथे सावध राहावं. आपल्याकडे विनय म्हणजे नम्रता. थाईत ‘विनय’ म्हणजे शिस्त, कारण तो शब्द बौद्ध भिक्षूंच्या नियमसंहितेतून आला. ‘चात’ म्हणजे आपली ‘जाति’, पण अर्थ राष्ट्र. ‘राष्ट्र’ मात्र तिथे जनता झालं. गाण्याच्या नावात शेवटच्या अक्षरावर एक छोटी खूण असते, ती अक्षर मुकं करते. त्या खुणेचं नाव ‘थन्थखात’, म्हणजेच दंडघात.

‘हे राजानं रचलं ना?’

नाही. गैरसमज कशावरून झाला तेही समजतं. राजा भूमिबोल स्वतः संगीतकार होते. राजरक्षक पलटणीसाठी त्यांनी ‘राचवल्लोप’ म्हणजे ‘राजवल्लभ’ मार्च रचला आणि मरीन दलासाठीही एक. संचलनात हे सगळे मार्च वाजतात, म्हणून ऐकणारा सगळेच राजाच्या नावावर घालतो.

दुसरी समजूत अशी की असली गाणी लष्कराच्या हुकमानं बँडवाल्यांनी जुळवलेली असतात. यात थोडं तथ्य आहे. थाईत या प्रकाराला ‘फ्लेंग प्लुक चाय’ म्हणतात, म्हणजे मन जागवणारी गाणी. 1930 च्या दशकात ललितकला विभागाचे प्रमुख लुआंग विचितवाथकान यांनी आपल्या देशभक्तिपर नाटकांतून पाश्चात्त्य वळणाच्या चालीवर थाई शब्द अशी गाणी घरोघरी पोचवली. पुढे सरकारी रेडिओनं ती उचलली. 1950 च्या दशकात पोलीस महासंचालक फाओ सियानॉन यांनी दल इतकं वाढवलं की भूदल, नौदल, हवाईदल यांच्या जोडीनं पोलीस हे चौथं दल मानलं जाऊ लागलं. अशा दलाला स्वतःचं गीत असणं ओघानंच आलं. पण हुकूम झाला म्हणून सूर आणि शब्दांचे झोके आपोआप जुळत नाहीत. त्यासाठी कसबी कवीच लागतो.

माहिती शोधताना लोक कुठे घसरतात

थाई साल बौद्ध संवतात असतं, इसवी सनात 543 मिळवलेलं. 2475 म्हणजे 1932. इथपर्यंत सोपं. पण 1941 पूर्वी थाई वर्ष एप्रिलला सुरू होई. त्यामुळे फेब्रुवारी 2475 म्हणजे फेब्रुवारी 1933. सरळ वजाबाकी केली तर एका वर्षाची चूक. 2483 हे वर्ष तर नऊच महिन्यांचं होतं, 1 एप्रिल ते 31 डिसेंबर 1940.

रोमन लिपीत संगीतकाराचं आडनाव निदान तीन प्रकारे लिहिलेलं सापडतं आणि वाचणाऱ्याला वाटतं तीन माणसं आहेत. ‘मार्च तमरुअत’ म्हणजे नुसतं ‘पोलीस मार्च’. पोलिसांच्या कोणत्याही गाण्याला ते नाव चिकटू शकतं, तेव्हा ‘फिथक सन्तिरात’ हे पूर्ण नाव शोधावं. आणि श्रेयाच्या ओळीत दोन शब्द पाहावेत: ‘खाम रोंग’ म्हणजे शब्द, ‘थाम नोंग’ म्हणजे चाल. फक्त एकच नाव असेल तर ती नोंद अर्धी आहे.

कवी कॅव यांचं दुसरं गाणं

अच्चरियकुन या आडनावात आपलं ‘आश्चर्य’ आणि ‘कुळ’ आहे. कॅव हे ‘सुन्थराफॉन’ या गाजलेल्या वाद्यवृंदाचे गीतकार. प्रमुख उआ सुन्थॉनसनान चाल देत आणि कॅव शब्द. रेडिओ नाटकांची मंडळीही त्यांनी चालवली. कार्तिकी पौर्णिमेच्या सुमाराला थायलंडभर केळीच्या सोपटाचे दिवे पाण्यात सोडतात, तो लॉय क्राथोंगचा सण. त्या रात्री लाउडस्पीकरवर जे गाणं लागतं आणि पर्यटकही गुणगुणत परततात, तेही याच जोडीचं. तिथल्या मोकळ्या, नाचऱ्या ओळी आणि पोलिसांच्या खटकन बंद होणाऱ्या ओळी एकाच लेखणीतून उतरल्या आहेत.